महिन्यात सुपरव्हिजन झालंच नाही, तरी लॉगवर सही करू का?

तुम्ही नागपुरात धरमपेठच्या सेंटरवर मुलांची बिहेवियर थेरपी करता, पुण्याच्या सुपरवायझर मॅडमनी या महिन्यातली दोन्ही सेशन्स रद्द केली आणि आता 'झाली असं लिहून सही करा' म्हणतात. सही करू नका. ती खोटी नोंद ठरेल आणि तिची जबाबदारी तुमच्यावरही येईल.

लॉगमध्ये खरं तेच लिहा: ठरलेली तारीख, वेळ, कोणी रद्द केलं, कारण काय, नवी तारीख कोणती. मॅडमना त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारा, 'या महिन्यातच भरून काढता येईल का?' अमेरिकेच्या बीएसीबीचा (बिहेवियर थेरपीत काम करणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी संस्था) आरबीटींसाठीचा (सुपरव्हिजनखाली थेरपी देणारे प्रमाणित टेक्निशियन) नियम माप म्हणून घ्या: महिन्यातल्या थेरपीच्या तासांपैकी किमान 5 टक्के सुपरव्हिजन. म्हणजे 80 तासांमागे 4. त्यात किमान दोन समोरासमोर भेटी हव्यात, आणि एकीत तरी सुपरवायझरने तुम्हाला मुलासोबत काम करताना पाहायला हवं. हे लाइव्ह व्हिडिओवरही चालतं, त्यामुळे नागपूर-पुणे अंतर ही काही सबब नाही.

मला खरी काळजी मुलाची वाटते. डोकं आपटण्याच्या नोंदी वाढत असतील तर आपल्या मनाने मुलाचा थेरपी प्रोग्राम बदलू नका. नोंदींच्या ग्राफचा फोटो मॅडमना पाठवून लगेच फोन लावा. उचलला नाही, तर सेंटरप्रमुखांना गाठा. पालक सुपरव्हिजनसह फी भरत असतील, तर ते झालं नाही हे त्यांना कळायलाच हवं. ते सांगणं सेंटरचं काम आहे, तशी लेखी मागणी करा.

मॅडम आजारी असतील तर समजून घ्या, पण बदली सुपरवायझर मागाच.