मॅलॉक नाही म्हणाला तर?

तुझा सी भाषेतला कोड पाहिला. मॅलॉक म्हणजे मेमरीत जागा मागणारं फंक्शन; जागा नसेल तर ते नल, म्हणजे रिकामा पत्ता, देतं. प्रत्येक मॅलॉकनंतर तू नल तपासतोस, सवय चांगली आहे. खरी गोम रिअ‍ॅलॉकमध्ये, म्हणजे घेतलेल्या जागेचा आकार बदलणाऱ्या फंक्शनमध्ये, आहे. तू लिहिलंयस: बफ = रिअ‍ॅलॉक(बफ, नवा आकार). जागा मिळाली नाही तर रिअ‍ॅलॉक नल देतो, पण जुना ब्लॉक तसाच राहतो. त्याचा पत्ता मात्र तू आपल्याच हातानं पुसलास. आता तो फ्री, म्हणजे परत, तरी कसा करणार? उत्तर आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये (पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) घे, नल नसेल तरच बफमध्ये टाक. हीच चूक माझ्या लॉग वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन वर्षं सुखानं नांदत होती.

दुसरं, मॅलॉकला तू देतोस तो आकार: संख्या गुणिले साइझऑफ, म्हणजे एका घटकाचा आकार. संख्या बाहेरच्या फाइलमधून येत असेल तर गुणाकार मर्यादेबाहेर जाऊन भलताच छोटा आकडा उरू शकतो. मॅलॉक इवलीशी जागा देतो आणि तू पुढे लिहीत सुटतोस. तिथे कॅलॉक वापर, तो संख्या आणि आकार वेगवेगळे घेतो. आजच्या लायब्ररींमधला कॅलॉक हा गुणाकार तपासतो.

लिनक्सवर आणखी एक गंमत. नेहमीच्या सेटिंगमध्ये कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जागा उधारीवर कबूल करतो. मॅलॉक हो म्हणतो, आणि प्रत्यक्ष लिहायला गेल्यावर मेमरी संपली की कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर कुठली तरी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, मारतो, बहुधा तुझीच. नल दिसतच नाही.

म्हणून चाचणीआधी शेलमध्ये (कमांड देण्याच्या खिडकीत) 'यूलिमिट -व्ही 50000' दे, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीवर मर्यादा येते आणि मॅलॉक खरंच नाही म्हणू शकतो. आकडा किलोबाइटमध्ये असतो. मग प्रोग्रॅम चालव आणि बघ, तुझे ते नलवाले इफ खरंच चालतात का.