विक्रम करा, पण परत फिरण्याचा हक्क गहाण टाकू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वैमानिकाचा परवाना आहे, मित्रासोबत भागीदारीत दोन आसनी मायक्रोलाइट (अगदी हलकं छोटं विमान) घेतलंय, नाशिकजवळच्या ओझरहून उडून लांब पल्ल्याचा एखादा विक्रम करायचाय. त्यानिमित्ताने पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांसाठी फिरत्या दवाखान्याचे पैसे उभे करायचेत. 'पूर्ण केलेल्या प्रत्येक किलोमीटरला अमुक रुपये' म्हणणारे दाते तयार आहेत, झेंडा दाखवायला मंत्री येणार आहेत, २६ जानेवारी ही तारीख ठरलीय आणि पत्रक छापायला गेलंय. आता मार्ग आणि परवानग्या कशा लावायच्या?

आधी छापखान्यात फोन करून पत्रक थांबवा. बाकीचं त्यानंतर.

मी विक्रमवीर नाही. क्लबात शिकवलं, आणि अशा मोहिमांमध्ये जमिनीवर राहून इंधन, कागद, हवामान आणि फोन सांभाळले. त्या बाजूने बघताना एक गोष्ट पक्की दिसते. धर्मादाय उड्डाणात इंजिनाइतकाच धोका दिलेल्या शब्दाचा असतो. एरवी समोर ढग दिसला की वैमानिक निमूट वळतो आणि संध्याकाळी घरी जेवतो. पण 'प्रत्येक किलोमीटरमागे मुलांना औषध' असं गावभर सांगून ठेवलं की त्याच ढगासमोर डोक्यात हिशेब सुरू होतो. तुमची पैशाची रचनाच तुम्हाला पुढे ढकलणारी आहे. ती बदला.

याचं सर्वांत कडू उदाहरण अमेरिकेतलं आहे. ११ एप्रिल १९९६. जेसिका डुब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक, असे तिघे अमेरिका आरपार ओलांडण्याच्या 'विक्रमा'वर निघाले होते. वायोमिंगमधल्या शायान इथून सकाळी उड्डाण केलं. विमानतळ समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच, त्यांचं छोटं सेसना विमान कमाल वजनापेक्षा जड, समोर गडगडाटी ढग. थोड्याच वेळात विमान कोसळलं, तिघेही गेले. चौकशी अहवालात कारणं वैमानिकी भाषेत आहेतच, पण जोडीला एक वेगळं कारण लिहिलंय: महत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळायची इच्छा आणि त्यामागे माध्यमांना दिलेले शब्द. तो दानाचा उपक्रम नव्हता. त्यात दान मिसळलं असतं तर दडपण वाढलंच असतं.

आता ओझर घ्या. आपली धावपट्टी सुमारे दोन हजार फुटांवर. तापमान ४० अंशांवर गेलं की हवा इतकी विरळ होते की विमानाला ती साडेपाच हजार फुटांवरची वाटते. जानेवारीत एवढं होणार नाही, पण तत्त्व तेच. भरल्या टाकीने निघायचं तर सकाळी, ऊन चढायच्या आत. आणि मंत्री किती वाजता येतात? पत्रिकेवर ९, प्रत्यक्षात साडेअकरा. तोवर सत्कार, शाल, श्रीफळ, तीन भाषणं, आणि तुम्ही उन्हात हेल्मेट काखेत धरून हसताय. समारंभ करायचाच तर आदल्या संध्याकाळी नाशिकच्या कालिदास कलामंदिरात करा. लोक येतील, भाषणं होतील, कुणाला घाई नसेल. उड्डाणाला फक्त घरचे, इंधन भरणारा आणि तुमचा मेकॅनिक.

२६ जानेवारी तर सोडाच. त्या आठवड्यात दिल्लीच्या आकाशावर दरवर्षी निर्बंध येतात, आणि उत्तरेत सकाळचं धुकं दुपारपर्यंत हटत नाही. तुमचं विमान नजरेने उडवायचं आहे, सूर्य मावळायच्या आत खाली उतरायचं आहे. धुक्यात चार तास गेले की त्या दिवसाचा टप्पा संपला. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध बघा, आणि पत्रकावर 'या पंधरवड्यात हवा बघून' एवढंच छापा. लोकांना ते चालतं. द्राक्ष-कांद्याच्या जिल्ह्यात हवा बघून काम करण्याचं कुणाला नवल वाटणार?

वाट बघण्यात कमीपणा नसतो हे आरोही पंडितच्या मोहिमेवरून दिसतं. मुंबईची ही मुलगी २०१९ च्या मे महिन्यात हलक्या स्पोर्ट विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणारी पहिली महिला ठरली. स्कॉटलंडमधल्या विकहून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडातल्या इकालुइटपर्यंत. ती मोहीम पतियाळ्याहून निघाली होती २०१८ च्या जुलैत. मध्ये अख्खा हिवाळा गेला. आज कुणाला तो हिवाळा आठवत नाही, अटलांटिक आठवतो.

आता पल्ला. 'लांब पल्ला' हा शब्द वापरण्याआधी वजनाचा कागद काढा. तुमच्या जातीच्या विमानाचा ढोबळ हिशेब करतो, आकडे तुमच्या पुस्तिकेतून बदलून घ्या. कमाल वजन ४५० किलो, रिकामं २९५. उरले १५५. त्यातून तुम्ही ७५ किलो. पाणी, अवजारं, लाइफ जॅकेट, बीकन (संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र), कपडे मिळून २०. राहिले ६० किलो, म्हणजे पेट्रोल सुमारे ८३ लिटर. तासाला १५ लिटर धरले तर साडेपाच तास. एक तासाचा साठा हात न लावता ठेवायचा, म्हणून साडेचार. १७० च्या वेगाने ७६५ किलोमीटर, आणि समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा असेल तर ६५० च्या आसपास. ओझर-नागपूर हवाई अंतर साडेपाचशे. हैदराबाद पावणेसहाशे. बंगळुरू एका झेपेत नाही. मित्राला सोबत नेलंत तर पेट्रोल जवळजवळ संपलंच. जास्तीची टाकी बसवायची कल्पना येईल, पण त्याला अभियांत्रिकी मंजुरी लागते आणि कमाल वजन काही वाढत नाही.

त्यामुळे 'ओझर ते लंडन' आत्ता डोक्यातून काढा. विजयपत सिंघानिया १९८८ साली मायक्रोलाइटने लंडनहून भारतात आले होते, २३ दिवसांत, हे खरं. हवाई दलाचे राहुल मोंगा आणि अनिल कुमार २००७ मध्ये मायक्रोलाइटने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, हेही खरं. पण मोंगा-कुमार यांच्यामागे अख्खं हवाई दल उभं होतं. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. ती वाट नसेल तर जामनगरकडून मस्कतला जावं लागतं, बाराशे किलोमीटर आणि खाली जवळजवळ सगळा समुद्र. वरचा हिशेब पुन्हा वाचा.

मग तुमच्या ऐपतीतलं काय? आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ, म्हणजे एफएआय, विमानांचे विक्रम वजनगटांनुसार नोंदवतो, मायक्रोलाइटचा वर्गही वेगळा आहे. विमानांच्या विक्रमांत 'ठरावीक दोन ठिकाणांमधला वेग' असा प्रकार असतो. भारतातल्या कित्येक शहरजोड्यांवर तुमच्या गटात कुणी दावाच केलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. यादी सार्वजनिक आहे, आधी ती चाळा. असे टप्पे जोडून भारत परिक्रमा करा. एखादा टप्पा हुकला तरी बाकीचे विक्रम तुमचेच राहतात. भारतातला दावा दिल्लीच्या एरो क्लब ऑफ इंडियामार्फत जातो. उड्डाणाआधी कळवावं लागतं, मान्यताप्राप्त निरीक्षक लागतो, जीपीएस नोंद सीलबंद लागते. उतरल्यावर 'माझ्या मोबाइलवर ट्रॅक आहे' म्हणून भागत नाही.

पुराव्यावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५८-५९ मध्ये रॉबर्ट टिम आणि जॉन कुक यांनी लास वेगासवर सेसना १७२ सलग ६४ दिवस २२ तास हवेत ठेवली. खाली रस्त्यावर ट्रक धावतोय, वर विमान त्याच वेगाने, आणि ट्रकमधून पाइप वर ओढून पेट्रोल भरतायत, असं दोन महिने. मध्येच जनरेटर गेला. एकदा पहाटे टिमला डोळा लागला आणि विमान तासभर ऑटोपायलटवर एकटंच उडत राहिलं. तर यांनी गुपचूप कुठे उतरून घेतलं नाही हे सिद्ध कसं करायचं? उड्डाणानंतर लगेच विमान खाली आणलं आणि शेजारी धावणाऱ्या गाडीतून चाकांच्या टायरवर पांढरा रंग मारला. रंग शाबूत म्हणजे चाक जमिनीला लागलं नाही. मला ही युक्ती आजच्या कुठल्याही यंत्रापेक्षा आवडते. या उड्डाणालाही एका कॅन्सर निधीची जोड दिलेली होती. खरा पैसा मात्र एका कॅसिनोचा, त्याचं नाव विमानावर ठळक रंगवलेलं. मला त्यात गैर वाटत नाही. उड्डाणाचा खर्च कुणाच्या तरी जाहिरातीने केला, दानाच्या पैशाला हात लागला नाही, तर उत्तमच.

तुम्हीही तेच करा. इंधन, पार्किंग, विमा, हॉटेल हे सगळं स्वतःचं किंवा प्रायोजकाचं. दान थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात, तुमच्या वा मित्राच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचे नियम आहेत, आणि धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालय नाशिकलाच आहे, आधी जाऊन विचारा. करसवलत हवी असलेल्या दात्याला सांगा की २००० रुपयांवरची रोख त्यात धरत नाहीत. आणि अमेरिकेतला भाचा तिथला नागरिक झाला असेल तर त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात, त्याला परदेशी देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी असलेलीच संस्था लागते. भारतीय पासपोर्टवर असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत तो देऊ शकतो.

किलोमीटरमागे रुपये हा प्रकार मात्र पूर्ण बंद. दात्यांना सांगा, रक्कम एकरकमी, आणि देणगी उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी बंद होणार. कलामंदिरातच आकडा जाहीर करून टाका. दुसऱ्या दिवशी तुम्ही मनमाडवरून परत आलात तरी दवाखान्याचा एक रुपया कमी होणार नाही. दात्याला मोबदल्यात काहीतरी हवंच असतं, तर पंखाखाली नावं लिहा, पिंपळगावच्या बागायतदारांकडून द्राक्षांच्या पेट्या घेऊन लिलाव करा, शाळांना विमान बघायला बोलवा. अंतराशी पैसा बांधू नका.

दानाचं नाव घेतलं की नियम सैल होतात असंही कुणी समजू नये. २०२५ मध्ये १९ वर्षांचा एक अमेरिकन तरुण बालकर्करोगासाठी सगळ्या खंडांवर एकट्याने उडत होता. उड्डाण आराखड्यात नसलेल्या अंटार्क्टिकातल्या चिलीच्या तळावर तो उतरला. आरोप दाखल झाले, भर हिवाळ्यात तिथेच अडकला, आणि सुटका होताना ३०,००० डॉलर मुलांच्या कर्करोग संस्थेला द्यायची अट पडली. दान झालं खरं, पण कोर्टाच्या आदेशाने!

आपल्याकडची कागदपत्रं. प्रत्येक टप्प्याला उड्डाण आराखडा, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक आणि हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा एडीसी क्रमांक. ओझरची धावपट्टी एचएएलची (हिंदुस्तान एरोनॉटिक्सची), तिथे लढाऊ विमानांच्या चाचण्या चालतात, त्यांच्या वेळा आधी विचारा. दक्षिणेला निघालात तर नाशिकच्या गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं आणि देवळालीच्या तोफखान्याचं गोळीबार क्षेत्र लागतं. नकाशावर हे भाग लाल पेनने रंगवून ठेवा.

घरच्यांना तुम्ही कुठे आहात ते दिसावं म्हणून कुणीतरी परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर आणून देईल. घेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगणं भारतात गुन्हा आहे, विमानतळांवर लोकांना अटक झालेली आहे. त्याऐवजी ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन घ्या आणि बंगळुरूच्या आयएनएमसीसीकडे, म्हणजे असे संकटसंदेश टिपणाऱ्या केंद्राकडे, त्याची नोंदणी करा. नोंदणी नसलेला बीकन वाजला तर शोधणाऱ्यांना फोन कुणाला करायचा हेच कळत नाही.

इंधनाचं शेवटी लिहितोय, पण मोहिमा बहुधा इथेच अडतात. अशा विमानांतल्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच मान्य आहे, आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. म्हणजे रस्त्याकडेच्या पंपावरून कॅन भरून आणायचे दिवस गेले. ॲव्हगॅस, म्हणजे विमानांचं पेट्रोल, चालतं, त्यात शिसं असल्याने ऑइल लवकर बदलावं लागतं एवढंच. इंडियन ऑइलने २०२२ पासून ते देशात बनवायला सुरुवात केली, पण मोजक्याच विमानतळांवर मिळतं, बाकी ठिकाणी बॅरलने आधी पोचवावं लागतं. बॅरल पोचलं असं फोनवर कुणी सांगितलं तर त्याचा फोटो मागा, सीलसकट. एका मोहिमेत पोचलेलं बॅरल शेजारच्या हँगरवाल्याने 'उसनं' घेतलं होतं आणि आम्हाला ते विमान उतरल्यावर कळलं.

पुढचं बोलण्यासाठी मला तीन गोष्टी कळवा: विमानाचं वजनपत्रातलं रिकामं वजन, कपड्यांसकट तुमचं वजन, आणि पूर्ण टाकीतलं वापरता येणारं इंधन. त्यावरून टप्पे आखू आणि बॅरल कुठे-कुठे लागतील ते ठरवू.