ऐरोलीतील आयटी कंपनीत नुकताच रुजू झालो आहे. प्रकल्पाची आखणी, विकास आणि सुपूर्दगी कशी होते, हे समजून कसे घ्यावे?

वेळापत्रकाआधी कामाची व्याप्ती नोंदवणारा दस्तऐवज मागून घ्यावा. ग्राहकाला काय द्यायचे, काय द्यायचे नाही आणि काम पूर्ण झाल्याचे कोण, कोणत्या निकषांवर मान्य करणार, हे त्यात स्पष्ट नसेल, तर पुढील बहुतेक वाद तिथूनच उद्भवतात.

त्यानंतर कामांचे परस्परावलंबन पाहावे. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी प्रकल्पाचा किमान कालावधी ठरवते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत आकाराला आलेली क्रिटिकल पाथ पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. या साखळीतील काम रेंगाळले की अंतिम तारीख पुढे सरकते, आणि माझ्या मते ऐनवेळी जादा माणसे नेमून ती क्वचितच सावरता येते.

विकासाच्या टप्प्याविषयी फारसे सांगायला नको. स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचे कामाचे छोटे टप्पे, आणि रोजच्या बैठका यांची सवय आपोआप होते.

सुपूर्दगीला मात्र नवखे लोक कमी लेखतात. नवी मुंबईतील बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले, पण प्रवासी सेवा नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. मार्ग उभारण्याखेरीज चाचण्या आणि सुरक्षा प्रमाणपत्र हेही कामच असते. सॉफ्टवेअरमध्येही कोड लिहून झाल्यावर ग्राहकाची स्वीकृती चाचणी, लेखी मंजुरी (साइन-ऑफ), वापरकर्त्यांचे प्रशिक्षण आणि सपोर्ट टीमकडे हस्तांतरण उरतेच. शक्य असल्यास एखाद्या पूर्ण झालेल्या प्रकल्पाची चेंज रिक्वेस्टची, म्हणजे कामात बदल करण्याच्या मागण्यांची, नोंदवही वरिष्ठांच्या परवानगीने वाचावी. मूळ योजना कुठे आणि का बदलली, हे तिच्यात तारखेनिशी सापडते.