चिनी वैद्यकात वर चढलेली ‘छी’ खाली आणण्यासाठी कोणत्या औषधी वापरतात?

जेवणानंतर सतत येणाऱ्या ढेकरांना चिनी वैद्यकात ‘छी’ (शरीरात वाहणारी प्राणशक्ती) उलटणे म्हणतात का आणि त्यावर कोणत्या वनस्पती देतात, असे आपण विचारले आहे. होय, तसेच म्हणतात. त्या शास्त्राच्या भाषेत जठराच्या आणि फुप्फुसाच्या ‘छी’ची स्वाभाविक गती खालच्या दिशेने असते; जठराची उलटली की ढेकर, उचकी, मळमळ होते आणि फुप्फुसाची उलटली की खोकला येतो, धाप लागते. आयुर्वेदातील उदावर्त, म्हणजे खाली जाणारा वायू उलटा वर चढणे, ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

ढेकरांवरचा प्रसिद्ध काढा चांग चोंगचिंग यांच्या इसवी सन 200च्या सुमाराच्या ‘शांग हान लुन’ या ग्रंथात आहे. त्यात श्वेनफू नावाचे पिवळे फूल, हेमाटाइट हे तांबडे लोहखनिज, बानश्या हा कंद, आले, जिनसेंग, ज्येष्ठमध आणि 12 चिनी बोरे पडतात. ‘सगळी फुले वर नेतात, एकटे श्वेनफू खाली आणते’, असे तिथले वैद्य म्हणतात. या फुलावरची बारीक लव घशाला टोचते, म्हणून फुले फडक्याच्या पुरचुंडीत बांधूनच उकळतात. मला मात्र यातले प्रमाण सर्वांत बोलके वाटते: जड खनिज 1 भाग, तर आले 5 भाग. हा काढा आधीच्या उपचारांनी जठर दुबळे झालेल्या रुग्णासाठी सांगितला आहे. त्याला नुसते खाली दाबत राहिले तर तो आणखी खचेल. (आपल्या लघुसूतशेखर या आम्लपित्तावरच्या आयुर्वेदिक औषधातही सोनगेरू (लोहयुक्त तांबडी माती) आणि सुंठ एकत्र येतात, हे साम्य लक्षात आले तेव्हा मला फार आनंद झाला होता.)

उचकी थंडीमुळे असेल, तर लवंग, आले, जिनसेंग आणि पर्सिमन फळाच्या देठाची टोपी वापरतात. ही वाळलेली टोपी वांग्याच्या टोपीसारखीच, पण कडक आणि चवीला तुरट असते. उष्णतेची असेल, तर लवंग चालत नाही, तिथे बांबूच्या खोडाचा कीस आणि संत्र्याची वाळलेली साल येते. खोकल्यासाठी लोकाट या फळझाडाची पाने देतात.

बानश्या कच्चा असताना विषारी असतो आणि जीभ व घसा भाजून काढतो, त्यामुळे तो आले, तुरटी यांच्या संस्कारानंतरच वापरतात. हेमाटाइट गर्भवतींना देणे टाळतात. म्हणून ही द्रव्ये मागवून घरी काढा करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ढेकरांबरोबर वजन घटत असेल, घास अडकत असेल किंवा शौचाला काळे होत असेल, तर कोणत्याही काढ्याआधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.