दीवच्या इतिहासातील ठळक प्रसंग

दीवमध्ये १९६१ च्या मुक्तीखेरीज सांगण्याजोगे काय घडले, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सुरुवात पोर्तुगीज किल्ल्यापासून न करता मलिक अयाझपासून करावी. गुलाम म्हणून आलेला हा माणूस गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याच्या काळात दीवचा सुभेदार झाला. त्याने बंदराच्या तोंडाशी साखळी घातली, तटबंदी उभारली आणि या बेटाला भरभराटीचे व्यापारी शहर बनवले.

१५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सू मारला गेला. सुडाने पेटलेल्या आल्मेदाने वाटेत दाभोळ बेचिराख केले आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवसमोर त्याच, म्हणजे इजिप्तच्या मामलुक राज्यकर्त्यांच्या आणि गुजरातच्या, एकत्रित आरमाराचा पराभव केला. या विजयाने अरबी समुद्रावर पोर्तुगिजांचे वर्चस्व बसले, हे खरे. पण चौलच्या पोर्तुगीज युद्धकैद्यांना नीट सांभाळून परत करणाऱ्या अयाझने वाटाघाटी करून शहर स्वतःच्या ताब्यात राखले, हे मला त्या विजयाइतकेच महत्त्वाचे वाटते. त्याच्या हयातीत पोर्तुगिजांना तेथे किल्ला बांधता आला नाही.

ती संधी त्यांना १५३५ मध्ये मिळाली. हुमायूनच्या स्वारीने हतबल झालेल्या गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने मदतीच्या आशेने किल्ल्याला परवानगी दिली आणि दोनच वर्षांनी, पोर्तुगीज जहाजावरील भेटीहून परतताना, तो दीवच्याच पाण्यात मारला गेला. पुढे १५३८ आणि १५४६ मध्ये किल्ल्याला गुजरातच्या सैन्याचे दोन वेढे पडले. दुसऱ्या वेढ्यात सुरुंगाने बुरूज उडाला, त्यात गव्हर्नर जुआंव द कास्त्रोचा मुलगा फर्नांदू ठार झाला. वेढा उठल्यावर ढासळलेला किल्ला पुन्हा बांधायला पैसे नव्हते. मुलाच्या अस्थी गहाण ठेवण्याचा कास्त्रोचा विचार होता, पण मृतदेह पुरता कुजलेला नसल्याने त्याने स्वतःच्या दाढीचे केस तारण म्हणून गोव्याच्या नगरपालिकेकडे पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केसही परत केले. किल्ला पाहताना ही हकिगत अवश्य आठवावी.

त्यानंतर व्यापार हळूहळू ओसरला. १६६८ मध्ये मस्कतच्या अरबांनी शहर लुटले. डिसेंबर १९६१ मध्ये ‘आयएनएस दिल्ली’ने किल्ल्यावर तोफा डागल्या, ‘वेगा’ ही पोर्तुगीज गस्तीनौका हवाई हल्ल्यात बुडाली आणि १९ तारखेला ४२६ वर्षांची सत्ता संपली. १९८७ मध्ये गोवा वेगळे राज्य झाले तेव्हा दीव दमणसोबत केंद्रशासित राहिले. २०२० पासून दादरा आणि नगर हवेलीही त्यांच्याबरोबर एकाच प्रशासनाखाली आहे.