वीगन सॉस घेताना आधी एवढं बघा

हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो. दूध आणि मध त्यात चालतात, वीगनमध्ये मात्र प्राण्यांपासून मिळणारं काहीच चालत नाही. बाटली फिरवून घटकांची यादी आणि तिच्याखालची अ‍ॅलर्जीची ओळ वाचा. दूध दिसलं की बाटली परत ठेवा.

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत होते ती एगलेस मेयोनीजमध्ये: अंडं नसतं, पण दुधाची पावडर बऱ्याचदा असते. मस्टर्ड सॉसमध्ये मध शोधा, थाई करी पेस्टमध्ये कोळंबी. ऑयस्टर सॉस कालवांचा असतो; हवाच असेल तर मशरूमचा मिळतो, चवीला छान लागतो.

सुरुवातीला सोया सॉस, व्हिनेगर आणि साधा चिली सॉस पुरे. चौघांच्या भाजीला सोया सॉस एक मोठा चमचा. मीठ मात्र शेवटी, चव बघूनच. आधी घातलंत तर हमखास खारट होणार.