सिकलसेल असलेल्या विद्यार्थिनीला धीर द्यायला वर्गशिक्षकाने काय बोलावं?

तुमची विद्यार्थिनी नववीत आहे, एसएस पॅटर्न आहे (म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सिकलसेलचा दोष आलेला), दवाखान्यातून परत आली की गप्प बसून राहते आणि तिच्याशी काय बोलावं ते तुम्हाला सुचत नाही. माझ्या धाकट्या बहिणीलाही एसएस आहे. आम्ही भंडारा जिल्ह्यातले. स्पष्टच सांगतो, धीर देणारं वाक्य शोधत बसू नका. ती दुखतंय म्हणाली की त्याच क्षणी "बस खाली" म्हणा.

बहीण आठवीत होती. डिसेंबरची थंडी, सकाळची शाळा, परिपाठ मैदानात. तिच्या मांडीत कळ सुरू झाली. "सर, बसू का?" म्हणून तिने विचारलं, तर सर म्हणाले, "काल तर चांगली उड्या मारत होतीस. रोजचं नाटक!" पोरं हसली. ती परिपाठ संपेपर्यंत उभी राहिली. दुपारी दवाखाना, सलाईन, इंजेक्शन. खाटेवर ओढणीचं टोक दातात घट्ट धरून पडली होती, तोंडातून आवाज निघू नये म्हणून. नर्सने विचारलं तरी "काही नाही" म्हणाली.

पुढे तेच सर बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला आले. "तू शूर आहेस, हिंमत ठेव," म्हणाले. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी बाहेर पडवीत सरांशी भांडलो. "पण दिसत तर काहीच नाही ना," हे त्यांचं उत्तर. दिसणार कसं? रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, हाडाला प्राणवायू पोचत नाही. वरून पाहाल तर पोरगी ठणठणीत. थंडी, दमणूक, पाणी कमी पडणं, एवढ्याने क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका, येऊ शकतो. सिकलसेल असलेल्यांच्या मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून बाटली सतत हाताशी लागते आणि लघवीलाही वारंवार जावं लागतं. "मधल्या सुट्टीत जा" हे वाक्य तिच्या बाबतीत बंद करा.

गणिताच्या मॅडम होत्या, त्यांनी धीराचं काही बोलल्याचं मला आठवत नाही. बहीण शाळेत आली की तिची वही मागायच्या, राहिलेल्या धड्यात पेन्सिलने खुणा करायच्या आणि म्हणायच्या, "एवढी उदाहरणं कर, बाकी राहू दे." त्यांच्याच तासाला ती बोलायची.

आता घरच्यांचं. तिचे आईवडील आजार लपवत असतील तर त्यांच्याशी बोला. आमची आत्या आजही म्हणते, शाळेत सांगायला नको होतं, लग्नाला अडचण येईल. मला हे अजिबात पटत नाही. लपवल्याने लग्न सोपं होत नाही, शाळेत पोरीचे हाल मात्र होतात. लग्नाआधी मुलाची रक्ततपासणी करायची; तो एए, म्हणजे सिकलसेलचा दोष अजिबात नसलेला, असेल तर तिचं एकही मूल एसएस होणार नाही. हे आत्याला किती वेळा समजावलं!

वर्गाला सांगायचं की नाही ते मात्र मुलीनेच ठरवावं, तिला एकटीला विचारा. आणि ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागणं दिसलं तर नेहमीचं दुखणं समजून बसवून ठेवू नका, लगेच दवाखान्यात न्या. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चालू असतील तर क्रायसिस कमी होतात, पण त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली, रोज.

पुढच्या वर्षी दहावी आहे, तर दिव्यांग प्रमाणपत्राचं आत्ताच बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, आणि बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात. आत्या त्यालाही आडवी आली होती, "कागद काढला की गावभर होईल." मी बहिणीला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेलो आणि कागद काढला. गावभर झालंही. दहावीला हात दुखत असताना तिने गणिताचा पेपर पूर्ण सोडवला, आणि आता ती बीएस्सीला आहे.